चोवीस घरांचा एक ढापा

२ एप्रिल, बुधवार. एरंडोल

आपल्या हातचं, आजपर्यंत:

शोषखड्डे १११. पहिले चार वाया गेले, तेही मोजले. केळीच्या बागांत ठिबक, रावेर-यावलकडे सोळा वर्षं. नळी किती टाकली ते लिहून ठेवलं नाही, याचं अजून वाईट वाटतं. छपराच्या पाण्याचे गाळणहौद ३८. न्हाणीच्या पाण्यावर जगवलेल्या बागा २६, पैकी दोन मेल्या, दोष मालकांचा. खड्ड्यावर झाकायचे सिमेंटचे ढापे, साचा माझा. प्रत्येकावर सिमेंट ओलं असताना सौ.च्या बांगडीचा ठसा, खालचा उजवा कोपरा. बांबूची मोजकाठी १, बोटाबोटावर खूण.

हे इथे लिहायचं कारण, पाणी मुरवायची सोय तपासणाऱ्यांच्या यादीत नाव पुढे चालू ठेवायचा अर्ज आज धुळ्याच्या ऑफिसात जाऊन भरला. त्यात ‘शैक्षणिक पात्रता’ असा रकाना. सातवी पास लिहिलं. तीन ओळींची जागा रिकामी राहिली.

तिथल्या इंजिनियर देवरे मॅडम म्हणाल्या, “नाना, तुमचा रकाना कोण वाचतं? आम्ही काठी वाचतो.”

बरं वाटलं. एस.टी.त उभा राहून आलो तरी पाय दुखले नाहीत.

नियम मला पाठ आहे. नवीन घर झालं की छपराचं पाणी जमिनीत मुरवायची सोय हवी. आवारात लॉन थोडं, कमी पाण्याची झाडं जास्त. आणि यादीतल्या माणसाने जागेवर पाणी ओतून, उतरतं असं बघून सही करायची, मगच भोगवट्याचा दाखला. यादीत तिघं. दोन पदवीवाले आणि मी. असा नियम वीस वर्षांपूर्वी झाला असता तर…

५ एप्रिल, शनिवार

मनीषाचा फोन. धुळ्याबाहेरचं रोहाउस तयार, रंगसुद्धा झाला. विहीणबाईंनी घरभरणी आखाजीची, अक्षय्य तृतीयेची धरली. यंदाची पितरांची घागर नव्या घरात. अडलंय फक्त दाखल्याला, आणि चोवीसही घरांची फाइल ऑफिसने माझ्याकडे लावली आहे.

“पप्पा, आता तर घरचंच काम,” म्हणाली पोरगी. लग्नाला सहा वर्षं, तीन भाड्याची घरं. तिसऱ्यात खिडकी एक, तीही शेजाऱ्याच्या भिंतीकडे.

सौ.ने तांब्याचा कलश घासायला काढला.

९ एप्रिल, बुधवार

फाइल उघडली. चोवीस घरं, चोवीस शोषखड्ड्यांचे चोवीस फोटो. पाईप निळे, रंग ताजा, वर ढापा. ढापा ओळखीचा वाटला. चष्मा पुसून पाहिलं. माझाच. खालच्या उजव्या कोपऱ्यात बांगडी.

एकदा ठसा उमटवताना सौ.चा हात घसरला होता. एका गोलावर दुसरा गोल, जुळे. फेकणार होतो, या घरांचा बिल्डर लोटनशेठ, त्याचा माणूस म्हणाला, द्या तोच, नमुन्याला. असा ढापा आयुष्यात एकच झाला.

चोवीसही फोटोंत जुळे गोल.

म्हणजे ढापा एकच. या घरून त्या घरी उचलून नेला आणि फोटो काढला. चार माणसं लागली असतील उचलायला, जड असतो माझा ढापा.

सौ.ला दाखवलं. आधी हसली. मग म्हणाली, “मनीषाच्या घरचा फोटो कुठला?” सतरा नंबर. त्यातही तेच.

१२ एप्रिल, शनिवार

जागेवर गेलो. चोवीसही घरांचे पाईप हाताने उकरून पाहिले. कोपरभर जमिनीत गेले की संपले. खाली खड्डा नाही, गोटे नाहीत, वाळू नाही. पाऊस पडला की पाणी घराच्या पायाशीच तुंबणार. वर काळी माती, ती फुगणार, भिंतीला तडे.

लोटनशेठ बिल्डर छत्री धरून आला. त्याचं बोलणं नेहमी गोड. “नाना, तुमचाच ढापा वापरला, तरी नाराज?”

मी म्हटलं, शेठ, बाकीचे तेवीस कुठे आहेत ते दाखवा, लगेच खूश होतो.

तो म्हणाला, दाखला होऊन जाऊ द्या, दिवाळीपर्यंत सगळे खड्डे करून देतो. सगळीकडे असंच चालतं.

चालत असेल. मी सही केली नाही. सही करायचं पेन मात्र घरून आठवणीने नेलं होतं.

जावई हर्षल तिथेच होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहेत, बोलणं मोजून. गाडीपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, “नाना, एका सहीचा प्रश्न आहे. तुम्ही मनीषाला सांगा, मी सांगणार नाही.”

सांगितलं. फोनवर म्हणाली, बरं.

१५ एप्रिल, मंगळवार

ठरवलं. बोलून दाखवण्यापेक्षा करून दाखवू. सतरा नंबरच्या मागच्या अंगणात नमुन्याचा शोषखड्डा, माझ्या हाताने. उतरलेलं पाणी शेठला दाखवायचं, मग तो बाकीचे तेवीस करेल. आखाजीला पंधरा दिवस आहेत. जमतं.

दोन मजूर, खोली आठ फूट. एरंडोलात आठ फुटांवर मुरूम लागतो आणि मुरुमात पाणी असं उतरतं की बघत राहावं. खाली गोटे, वर खडी, वर वाळू. कडा ओळंब्याने तपासल्या. शेजारच्या घरांतली होणारी मंडळी बघायला जमली. एकांनी विचारलं, खाली काय लागलं? म्हटलं, लागेल ते. एकशे अकरा केलेत.

(हे वाक्य नको होतं.)

१६ एप्रिल, बुधवार

पाणी ओतलं, सकाळी नऊ. काठी लावली. वीतभर उतरायला माझ्या चांगल्या खड्ड्याला वीस-बावीस मिनिटं.

दहा वाजता दोन बोटं. बारा वाजता तीन. संध्याकाळी पाच वाजता वीतही नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

पाणी तसंच. वर चिलटं.

खाली काळीच आहे. आठ फुटांवर मुरूम नाही, काळीच. मी खणताना पाहिली होती ती काळी, आणि मनात म्हटलं होतं, पुढे लागेल मुरूम. मग गोटे भरले. एरंडोलची खोली धुळ्याला लावली. या धंद्यात शिकाऊ माणूसही आधी बाजूच्या वावरवाल्याला विचारतो. मी कुणालाच विचारलं नाही.

हर्षलनी खड्ड्यात डोकावून पाहिलं. “नाना, तलाव छान झालाय. मासे सोडू का?”

पाणी घराच्या पायापासून चार हातांवर. ज्या तड्यांची भीती मी शेठला घातली, ते आता माझ्याच खड्ड्याने माझ्याच लेकीच्या भिंतीला…

१९ एप्रिल, शनिवार

पाणी उपसलं, गोटे काढले, खड्डा बुजवला, धुमसून घेतला. दिवस गेला. शेठचा सुपरवायझर खुर्ची टाकून बघत होता. म्हणाला, नाना, चोवीस ठिकाणी हेच करणार होता का?

वर लिहिलेल्या १११ चे ११२ झाले. वाया गेलेले पाच.

२२ एप्रिल, मंगळवार

देवरे मॅडमना खरं ते सांगितलं. वाटलं होतं, यादीतून नाव काढतील. त्यांनी लिहून घेतलं, फक्त म्हणाल्या, चुकलं ते सांगणारे तुम्ही पहिलेच. मग फाइलवर शेरा: पर्याय सुचवावा.

पर्याय काय सुचवू? पक्कं करायचं तर प्रत्येक अंगणात कूपनलिका, ती शेठ करणार नाही. नाही केली तर यादीतला दुसरा कुणी फोटो बघून सही करेल, त्याला जुळे गोल दिसणार नाहीत.

घरभरणी पुढे गेली. विहीणबाई सौ.शी फोनवर बोलल्या, माझ्याविषयी काही बोलल्या नाहीत. यातच आलं सगळं.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

आजचा दिवस नीट लिहायचा.

मनीषाला माहेरी आणायला यंदा उशीर झाला. शेवटपर्यंत वाटत होतं तिकडेच घागर भरली जाईल. आज सकाळी सहाला मीच निघालो. वाटेत कॉलनीवर थांबलो. बुजवलेली माती खचली का, एवढंच बघायचं होतं.

कॉलनीच्या मधोमध खुली जागा आहे. जाहिरातीत तिथे हिरवंगार लॉन दाखवलंय, सध्या विटांच्या तुकड्यांचा ढीग. त्या ढिगाशी एक म्हातारी बसलेली. सत्तरीच्या पुढची. समोर मातीची नवी घागर, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, बाजूला दोन सांजोऱ्या. हळदकुंकू विटांना लावत होती.

विचारलं, अक्का, इथे कुणाची पूजा?

“आठे मनी विहीर शे, भाऊ. मना सासरानी खंदेल शे.”

पोरांनी वावर विकलं, त्यावर ही कॉलनी झाली. विहिरीवर स्लॅब टाकला, स्लॅबवर ढीग. घरातल्या गेलेल्या माणसांची घागर दरवर्षी याच विहिरीच्या पाण्याने भरत. आता विहिरीला पाणी नाही आणि तोंडही नाही. ही भरलेली घागर घरून आणते, इथे ठेवते, तासभर बसते, परत नेते. रिक्षाने.

मी उकिडवा बसलो. विचारलं, खणताना काय काय लागलं होतं, सासऱ्यांनी सांगितलं का कधी?

“पंधरा हात कायी माटी, मंग मुरूम. बठ्ठा वावरनं पानी हाई पी जाये.” वावरभर पावसाचं पाणी साचलं की पाट करून विहिरीत सोडत, रातोरात पिऊन टाकायची.

पंधरा हात. बावीस-तेवीस फूट. मी आठ फुटांवर गोटे भरले होते.

तिला माझ्या खड्ड्याचं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाली, “खंदाना पह्यले कोले ईचारं का?”

नाही म्हटलं. कुणालाच नाही.

एक सांजोरी माझ्या हातावर ठेवली. खाल्ली.

चोवीस छपरं. एक विहीर. चोवीस खड्डे कशाला हवेत? सगळे पाईप एका चरातून या विहिरीकडे, तोंडाशी गाळणहौद, मग आत. उतार मी डोळ्यानेच पाहिला, पूर्वेकडून पश्चिमेकडे, विहिरीकडेच. जुन्या माणसांनी पाट काढले होते म्हणजे असणारच.

मनीषाला घेऊन दुपारी घरी. निंबाला झोका बांधला होता. बसली नाही आधी, मग बसली. मी बोलत होतो ते विहिरीचंच. सौ. म्हणाली, पोरीला जेवू तरी द्या.

४ मे, रविवार

विहिरीचं ऐकून होणाऱ्या रहिवासी मंडळींनी ढीग हलवला. शेठला विचारलं तर म्हणाला, खुली जागा तुमचीच आहे, करा काय करायचं ते. त्याला वाटलं स्लॅब हलणार नाही.

अक्का आल्या होत्या, खुर्ची दिली, बसल्या नाहीत.

स्लॅब हलला. दगडी बांधकाम वर तेवीस फूट (दोरी टाकून मोजलं), खाली उघडा मुरूम, एकूण बेचाळीस. तळाला प्लास्टिक आणि एक चप्पल. अक्कांनी आत वाकून पाहिलं. मी त्यांचा दंड धरून ठेवला. बराच वेळ वाकून होत्या.

९ मे, शुक्रवार

तळ साफ. काठाशी गाळणहौद बांधायला घेतला. हर्षल कॉलेज सुटल्यावर येतात. विटा देतात. आज म्हणाले, वाळू धुऊन घेतली तर गाळ कमी येईल. मला माहीत होतं. तरी म्हटलं, बरोबर.

ढापा ओतला. सौ.ची बांगडी आणायला विसरलो. मनीषाने आपली काढून दिली. ठसा तिनेच उमटवला, नीट, एकच गोल.

१२ मे, सोमवार

चाचणी. रहिवाशांनी टँकर आणला. सगळं पाणी हौदातून विहिरीत. दुपारी चारला काठी दोरीला बांधून सोडली, पाणी काठीच्या अकराव्या खुणेला. मी एस.टी.साठी निघालो. निघताना पाय निघत नव्हता. पुन्हा तलाव झाला तर?

१३ मे, मंगळवार

सकाळी सहा चाळीसला हर्षलचा फोटो. सांगितलं नव्हतं मी. वाटलं, कॉलेजला जायच्या आधी स्वतःहून जाऊन काठी पाहिली असेल. काठी कोरडी, तळाला नुसता ओला मुरूम. खाली मजकूर: “नाना, पाणी संपूर्ण उतरलं. वेळेचा तक्ता केला आहे, रात्री अकरा, एक, तीन आणि सहा.”

म्हणजे माणूस रात्रभर तिथे होता.

तक्ता मी दोनदा वाचला. रकाने सरळ, आकडे नीट. फोन केला आणि म्हटलं, अहो, तीनचा आकडा बोटात लिहा, सेंटिमीटर मला कळत नाहीत. हसले. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी असे हसले.

१६ मे, शुक्रवार

देवरे मॅडम जागेवर आल्या. विहीर पाहिली, तक्ता पाहिला, ढाप्यावरचा गोल पाहिला. नियमात घरटी खड्डा असं कुठेच नाही, म्हणाल्या. छपराचं पाणी जमिनीत गेलं पाहिजे, एवढंच. एकत्र सोय चालते, पण नकाशात दाखवावी लागेल आणि नकाशावर बिल्डरची सही लागेल. चर आणि पाईपही त्यानेच टाकायचे.

लॉनचं मी आधीच कागदावर काढलं होतं. विहिरीभोवती लॉन नको. निंब, करंज, शेवगा, कडेला कोरफड, सगळ्यांना ठिबक, पाणी न्हाणीचं गाळून. मॅडमनी तो कागद फाइलला लावून घेतला. माझं अक्षर फाइलमध्ये.

अक्कांसाठी विहिरीशी एक ओटा. तो कागदात नाही, तोंडी सांगितला.

नकाशा सहीसाठी शेठकडे गेला.

२१ मे, बुधवार

नकाशा परत नाही. रहिवाशांनी चोवीस घरांच्या सह्यांचं पत्र दिलं, विहिरीचीच सोय हवी म्हणून. पहिली सही हर्षलची, दुसरी मनीषाची. भाड्याच्या घराची मुदत या महिनाअखेर संपते. मालक वाढवून द्यायला तयार नाही. मनीषा म्हणाली, एक महिना एरंडोलला येऊन राहीन, हर्षल जाऊन-येऊन करतील. सासूबाई दोंडाईच्याला लेकीकडे.

विहीणबाईंनी मला फोन केला. पहिल्यांदाच थेट मला. विचारलं, त्या विहिरीला खरंच पाणी येईल का परत? म्हटलं, दोन-तीन पावसाळे जाऊ द्या, कबूल करत नाही. म्हणाल्या, मग घागर तिथूनच भरू.

२४ मे, शनिवार

लोटनशेठ घरी आला. एरंडोलला, पत्ता विचारत. सोबत कुणी नाही. सौ.ने पाणी दिलं, चहा दिला. घर बघितलं त्याने, अंगणातला शेवगा, ठिबक, ढाप्यांचे साचे. म्हणाला, नाना, तुमच्यासारखा हात जिल्ह्यात नाही. खरं आहे ते. तरी त्याच्या तोंडून नको वाटलं.

मग मुद्दा. नकाशा बदलला की पुढच्या दोन्ही योजनांत ऑफिस हेच मागणार. चर, पाईप, विहिरी शोधत फिरायचं. त्याला ते परवडत नाही. यादीतल्या दुसऱ्या दोघांना विचारून झालं असावं, कारण म्हणाला, चोवीस घरांचं पत्र फाइलला लागल्यापासून कुणी हात लावत नाही.

आजच राहायला आलेली मनीषा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिची बॅग अजून ओसरीत. शेठने खिशातून किल्ली काढून चहाच्या बशीशेजारी ठेवली. सतरा नंबर. लाल दोरा बांधलेली.

मी मनीषाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित… ती आली, बशी उचलली, किल्ली शेठच्या बाजूला सरकवली आणि आत गेली.

मी म्हटलं, शेठ, नकाशावर सही करा, मी त्याच दिवशी करतो.

तो उठला. बघतो म्हणाला. हो म्हणाला नाही, नाहीही नाही. किल्ली खिशात टाकली. फाटकाशी थांबून त्याने विचारलं, तो ओटा कुणासाठी? सांगितलं. गाडीत बसल्यावरही चालू करायला त्याने वेळ लावला.

अर्जाच्या रकान्यात हे बसणार नाही, म्हणून इथे, तारखेसह.

नाकारलं ते: चोवीस घरांचा दाखला, आजच्या तारखेने, विहीर न दाखवता. मिळणार होतं ते: सतरा नंबरची किल्ली आजच, पुढच्या दोन्ही योजनांचे सगळे ढापे माझ्याकडून, आणि रोख तीन लाख साठ हजार.